रेघा, उजळ कोपरे आणि अल्निटाकभोवतीचं कडं: सेन्सरला दोष देण्याआधी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ८० मिमी व्यासाची एफ/६ ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेची) दुर्बीण, जुना १८ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, अडॅप्टरच्या तोंडाशी दोन इंची लाइट पोल्यूशन फिल्टर, ताऱ्यांच्या मागे फिरणारा विषुववृत्तीय माउंट आणि फाइंडरच्या (शोधक दुर्बिणीच्या) खाचेत बसवलेला छोटा गाइडस्कोप, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची गती सुधारायला लावलेली जोडदुर्बीण. डिसेंबरात पुण्याहून वेल्ह्याच्या बाजूला जाऊन तुम्ही मृग नक्षत्रातल्या हॉर्सहेड तेजोमेघाच्या १२० सेकंदांच्या ६० फ्रेम घेतल्या. तिथेच एलईडी पॅनेलवर ३० फ्लॅट (सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे फोटो) घेतले. ‘डीएसएलआरला डार्कचा उपयोग नाही’ असं वाचल्यामुळे डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाचे फोटो) घेतले नाहीत, बायसही (झाकण लावून सर्वांत कमी वेळाचे फोटो) नाहीत. फ्रेम स्टॅक करून (एकावर एक रचून) स्ट्रेच केल्यावर (अंधूक भाग उजळल्यावर) तीन गोष्टी दिसल्या: सगळ्या पार्श्वभूमीवर तिरप्या पावसासारख्या रेघा, मध्यापेक्षा उजळ झालेले चारही कोपरे आणि त्यांच्या जोडीला काही फिकट गोल चकत्या, आणि हॉर्सहेडशेजारच्या अल्निटाक या तेजस्वी ताऱ्याभोवती एक मोठं गोल कडं. सेन्सर गेला का, आणि कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा घेतला तर हे सगळं जाईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

सेन्सर गेलेला नाही. पहिल्या दोन दोषांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे आणि तुमचा त्या रात्रीचा डेटा अजून वाचवता येईल. पुन्हा वेल्ह्याला जायची गरज नाही. तिसरा दोष वेगळ्या जातीचा आहे. तो काचेतून आलेला आहे, आणि त्याच्याबद्दल ठाम बोलण्याआधी तुम्हाला एक छोटी चाचणी करावी लागेल.

‘हा डाग कसला’ असं विचारलं की लोक आपापल्या अनुभवातलं नाव सांगतात: नॉइज, धूळ, अँप ग्लो (कॅमेऱ्याच्या सर्किटमुळे कडेला दिसणारी चमक), दव. नाव बरोबर निघालं तरी पुढच्या वेळी नवा डाग दिसला की माणूस पुन्हा तिथेच अडतो. म्हणून मी उलट्या बाजूने जातो. फोटोतली खूण चारपैकी एका ठिकाणी जन्मते: आकाशात, दुर्बिणीच्या आणि फिल्टरच्या काचांत, सेन्सरवर, किंवा नंतर संगणकात. यांपैकी कुठे, हे शोधायला मी एकच गोष्ट तपासतो. ती खूण कशाबरोबर हलते?

पहिली आणि शेवटची कच्ची फ्रेम उघडा, सारख्याच प्रमाणात स्ट्रेच करा आणि आलटून पालटून बघा. दोन्हींत तारे थोडे सरकलेले असतील. खूण ताऱ्यांबरोबर सरकली असेल तर ती आकाशातली आहे किंवा त्या ताऱ्याच्या उजेडाने काचेत तयार केलेली आहे. तारे सरकले आणि खूण मात्र त्याच पिक्सेलवर राहिली, तर ती सेन्सरची किंवा सेन्सरजवळच्या धुळीची. पहिल्या फ्रेममध्ये नाही आणि चाळिसाव्या फ्रेमपासून हळूहळू वाढत गेली, तर दव, विरळ ढग किंवा कुठून तरी आत शिरणारा उजेड. आणि एकाही सुट्या फ्रेममध्ये नाही, फक्त स्टॅकमध्ये आहे, तर ती आपण प्रक्रियेत निर्माण केलेली आहे.

तुम्ही निवडलेला विषय या कसोटीचं उत्तम उदाहरण आहे. हॉर्सहेडची नोंद विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत घेतलेल्या काचेच्या प्लेटवरून केली. अल्निटाकच्या दक्षिणेला सुमारे अर्ध्या अंशावर, उजळ पट्टीत दिसणारी एक अर्धवर्तुळाकार खाच. उजळ पट्टीतली काळी खाच एका प्लेटवर बघितली तर ती धूळ, ओरखडा किंवा रसायनाचा डाग यांपैकी काहीही वाटू शकते. पण दुर्बीण कुठलीही असो, प्लेट कुठलीही असो, अल्निटाकपासून तितक्याच अंतरावर आणि त्याच दिशेला ती पुन्हा पुन्हा येते. म्हणून ती आकाशातली. आज तुमच्या डीएसएलआरवरही ती तिथेच आली आहे, आणि बाकीच्या तिन्ही गोष्टींना हाच नियम लावायचा आहे.

आता रेघा. तुम्ही दिलेल्या पहिल्या आणि शेवटच्या कच्च्या फ्रेममध्ये अल्निटाकची जागा मोजली, तर तो सुमारे ५० पिक्सेल सरकला आहे. स्टॅकमधल्या रेघांची लांबी मोजली, तीही साधारण तेवढीच. सरकण्याची दिशा आणि रेघांचा कल जुळतो. एवढं जुळल्यावर शंकेला फारशी जागा उरत नाही. याला वॉकिंग नॉइज म्हणतात.

घडतं असं. स्टॅक करताना प्रोग्राम प्रत्येक फ्रेममधले तारे एकावर एक बसवतो. तारे जागेवर आणायचे तर अख्खी फ्रेम सरकवावी लागते, आणि फ्रेम सरकली की तिच्यातले हॉट पिक्सेल (उजेड नसतानाही उजळ दिसणारे) आणि सेन्सरची स्वतःची बारीक पोतही सरकते. ६० फ्रेममध्ये ५० पिक्सेल म्हणजे दर फ्रेमला एका पिक्सेलहूनही कमी. त्यामुळे एकेका हॉट पिक्सेलच्या ६० प्रती एकमेकींना चिकटून ओळीत लागतात आणि त्यांची रेघ होते. स्टॅक करताना कप्पा-सिग्मासारखी पद्धत वापरूनही रेघ का राहिली, याचं उत्तर इथेच आहे. ती पद्धत एखाद्या जागी एकट्याने वेगळं वागणारं मूल्य फेकून देते, म्हणून उपग्रहाची रेष ती छान पुसते. पण शेजारशेजारच्या दोन-तीन फ्रेममध्ये तोच ठिपका जवळजवळ त्याच जागी आला, आणि त्यातही त्या पिक्सेलचा जास्तीचा उजेड फार मोठा नसला, तर तो तिला वेगळा वाटतच नाही.

गाइडिंग चालू असताना आणि तारे गोल असताना फ्रेम सरकली कशी, हा पुढचा प्रश्न. गाइडिंग फक्त गाइडस्कोपमधला तारा जागेवर धरतं. गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण यांच्यामधला सांधा किंचित वाकत असेल, तर मुख्य कॅमेऱ्यातलं चित्र सावकाश सरकत राहतं. तुमच्या जोडणीत एका पिक्सेलला सुमारे १.८५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) येतात, म्हणजे ५० पिक्सेलला साधारण ९२ विकला, आणि तेही दोन तासांत. एका १२० सेकंदांच्या फ्रेममध्ये हे सरकणं दीड विकलाच भरतं, म्हणून तारे गोलच दिसतात. फाइंडरची खाच दोन स्क्रूंवर धरलेली असते, तिथे एवढं वाकणं सहज होतं. फोकसरचा लॉक सैल असणं आणि कॅमेऱ्याच्या केबलचं लोंबतं वजन हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत. रेघा सरळ आणि समांतर आहेत म्हणून मी सांध्याकडे बोट दाखवतो. त्या एका बिंदूभोवती वळलेल्या कमानी असत्या तर ध्रुवीय जुळणीकडे (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखला आहे का याकडे) बघायला सांगितलं असतं. आपल्याकडे ती शक्यता कमी नसते, कारण ध्रुवतारा पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो आणि सह्याद्रीत तो डोंगराआड किंवा क्षितिजावरच्या धुरकटात जातो.

सांधा घट्ट करा, पण खरा इलाज डिथरिंगचा. दर एक-दोन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम थोडी हलवायची, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला. मग हॉट पिक्सेलच्या प्रती ओळीत न लागता विखुरतात, आणि कप्पा-सिग्मा त्यांना ओळखून काढून टाकते. किती हलवायचं? माझ्या अनुभवात मुख्य कॅमेऱ्याच्या मोजमापात १२ ते १५ पिक्सेल पुरतात. गाइडिंगच्या प्रोग्राममध्ये आकडा गाइड कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये द्यावा लागतो, आणि इथे बरेच जण गोंधळतात. तुमचा गाइडस्कोप १२० मिमी नाभीय अंतराचा आणि कॅमेरा ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा असेल, तर तिथला एक पिक्सेल सुमारे ६.४ विकलांचा, म्हणजे मुख्य कॅमेऱ्याचे साडेतीन पिक्सेल. तेव्हा तिथे ४ लिहिलं की इकडे १४ होतात. लॅपटॉप नसेल तर हे हातानेही जमतं. हॅन्ड कंट्रोलरचा वेग तारागतीइतका ठेवा, दोन फ्रेमच्या मध्ये बटण दीड-दोन सेकंद दाबा आणि दर वेळी दिशा बदला. एकाच दिशेला दाबत राहिलात तर रेघाच पुन्हा तयार होतील, फक्त तुटक.

हे झालं पुढच्या वेळेसाठी. हातातल्या ६० फ्रेमचं काय? तुमच्या रेघा उजळ आहेत, काळ्या नाहीत. याचा अर्थ हॉट पिक्सेल वजाच झालेले नाहीत. चुकीच्या, म्हणजे जास्त गरम तापमानाच्या डार्कमुळे येणाऱ्या रेघा काळ्या असतात. ‘डीएसएलआरला डार्क नको’ हा सल्ला अर्धा खरा आहे. नीट डिथर केलं असेल आणि फ्रेम भरपूर असतील, तर डार्कवाचून भागतं, आणि जुळत नसलेले डार्क फायद्यापेक्षा तोटा जास्त करतात. पण डिथरही नाही आणि डार्कही नाहीत, तेव्हा हॉट पिक्सेलना अडवणारं कोणीच उरत नाही.

डार्क आताही घेता येतील, अट तापमानाची. सेन्सरचं तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचा स्वतःचा उष्ण प्रवाह दुप्पट होतो, म्हणून दुपारी कपाटात ठेवून घेतलेला डार्क वेल्ह्याच्या थंडीतल्या फ्रेमशी जुळणार नाही. बऱ्याच डीएसएलआरमध्ये फोटोच्या माहितीत कॅमेऱ्याचं तापमान नोंदलेलं असतं. तुमच्या ६० फ्रेममध्ये ते बघा, सुरुवातीला कमी आणि नंतर वाढलेलं दिसेल. मग पहाटे गच्चीवर कॅमेरा ठेवा, झाकण लावा, व्ह्यूफाइंडरही झाका, त्याच आयएसओवर १२० सेकंदांचे २०-३० डार्क घ्या आणि नोंदलेलं तापमान त्याच पट्ट्यात येतं का पाहा. गच्ची वेल्ह्याइतकी थंड होत नसेल तर डार्क सोडा आणि प्रोग्राममधली हॉट पिक्सेल शोधून दुरुस्त करणारी कॉस्मेटिक सोय वापरा. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या दोन्ही स्टॅकिंग प्रोग्राममध्ये ती आहे. तिने रेघा पूर्ण जात नाहीत, पण बऱ्याच मवाळ होतात.

दुसरा दोष उजळ कोपऱ्यांचा. इथे जरा सावकाश जातो, कारण या एका मुद्द्यावर लोक चांगले फ्लॅट फेकून देतात आणि पुढच्या खेपेला तसेच घेतात.

कोपरे नैसर्गिकरीत्या काळवंडतात, कारण दुर्बिणीचा उजेड तिथे कमी पोचतो. फ्लॅटचं काम तेवढंच: कुठे किती उजेड कमी पडला ते प्रमाण मोजायचं आणि फोटोला त्याने भागायचं. मुद्दा भागाकाराचा आहे. भागाकार बरोबर येण्यासाठी दोन्ही संख्यांमध्ये फक्त उजेडच असायला हवा. पण कॅमेरा प्रत्येक पिक्सेलच्या आकड्याला आपली एक ठरावीक बैठक जोडतो. ती उजेड नसतानाही असते. समजा ती २०४८ आहे. कॅमेऱ्यागणिक हा आकडा वेगळा असतो, हिशेब मात्र तोच.

धरून चालू की तुमच्या फ्रेमच्या मध्यावर आकाशाचा खरा उजेड १००० आहे आणि कोपऱ्यात ३० टक्के कमी, म्हणजे ७००. बैठकीसकट कॅमेरा लिहितो ३०४८ आणि २७४८. फ्लॅटमध्ये मध्यावर ६००० आणि कोपऱ्यात ४२००, बैठकीसकट ८०४८ आणि ६२४८. आता दोन्हींतून बैठक वजा केली तर कोपरा ७०० भागिले ०.७ म्हणजे १०००, मध्याइतकाच. सपाट. पण तुम्ही डार्कही दिले नाहीत आणि बायसही नाहीत, त्यामुळे बैठक कुठूनच वजा झाली नाही. मग फ्लॅटचं प्रमाण ०.७ ऐवजी ०.७७६ झालं, आणि कोपरा २७४८ भागिले ०.७७६ म्हणजे सुमारे ३५४० वर गेला. मध्य ३०४८वरच. कोपरा मध्यापेक्षा १६ टक्के उजळ! धुळीच्या डागांचंही तेच. फ्लॅटने त्यांना उजळून सपाट करायचं, ते उजळून वर आले. तुमच्या फिकट चकत्या म्हणजे गरजेपेक्षा जास्त दुरुस्त झालेली धूळ आहे.

एक बारकावा लक्षात ठेवा. बैठक फक्त फ्लॅटमध्ये राहिली आणि फ्रेममधून वजा झाली, तर उलटं होतं. वरच्याच आकड्यांत कोपरा ७०० भागिले ०.७७६, म्हणजे ९०२ वर थांबतो आणि काळपटच राहतो. म्हणून कोपरे उजळ दिसले तर मी आधी फ्रेमच्या डार्क-बायसकडे बघतो, काळपट राहिले तर फ्लॅटच्या बायसकडे. याने तपास अर्ध्यावर येतो.

आनंदाची गोष्ट ही की बायस कधीही घेता येतो. आज संध्याकाळी घरी बसून घ्या. कॅमेऱ्याला झाकण, तोच आयएसओ, सर्वांत कमी वेळाचं एक्स्पोजर, ५० फ्रेम. मग तेच फ्लॅट, त्याच ६० फ्रेम, जोडीला हे बायस देऊन पुन्हा स्टॅक करा. कोपरे बसले पाहिजेत.

ते बसल्यावर कदाचित एका बाजूचा उजेड शिल्लक दिसेल. त्यासाठी फ्लॅटला दोष देऊ नका. फ्लॅटची चूक चारही कोपऱ्यांत सारखी दिसते. एकाच बाजूला चढत जाणारा उजेड शहराचा असतो, आणि वेल्ह्याहून पुणे ईशान्येला आहे. मृग पूर्वेला असताना तो त्या उजेडाच्या जवळ असतो. डिसेंबरच्या मध्याला मृग मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंचीवर येतो. तिथून पुढच्या फ्रेम तुम्हाला स्वच्छ मिळतील. उरलेला उजेडाचा उतार प्रोग्राममधल्या ग्रेडियंट काढण्याच्या सोयीने निघतो.

फ्लॅटबद्दल आणखी एक. तुमच्या सुट्या फ्लॅटमध्ये आडवे फिकट पट्टे आहेत. एक्स्पोजर १/२००० सेकंद आहे म्हणून ते आले. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधा एलईडी पॅनेल सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि इतक्या कमी वेळात शटरची फट ते लुकलुकणं पकडते. पट्टे दर फ्लॅटमध्ये वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे ३० फ्लॅटच्या सरासरीत ते विरतात आणि या खेपेला चालून जाईल. पुढे पॅनेल आणि दुर्बीण यांच्यामध्ये पांढऱ्या सुती धोतराच्या तीन-चार घड्या टाका. उजेड पुरेसा कमी झाला की एक्स्पोजर १/५ सेकंदापर्यंत नेता येतं आणि पट्टे येतच नाहीत. कॅमेरा मात्र फ्लॅट होईपर्यंत दुर्बिणीवरून काढायचा किंवा फिरवायचा नाही, फोकसही हलवायचा नाही.

धूळ नेमकी कुठे बसली आहे तेही काढता येतं. सावलीचा व्यास गुणिले एफ-क्रमांक, म्हणजे धुळीचं सेन्सरपासूनचं अंतर. तुमच्या कॅमेऱ्यात पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. सुमारे ६० पिक्सेल रुंदीच्या चकत्या म्हणजे पाव मिलिमीटर, गुणिले ६, दीड मिलिमीटर. ही धूळ सेन्सरपुढच्या काचेवरच आहे, फुंकणीने झटकण्याजोगी. फिल्टरवरची धूळ कित्येक सेंटिमीटर दूर असल्याने तिची सावली इतकी मोठी आणि पुसट होते की बहुधा दिसतच नाही. आणि तुमच्या चकत्या भरीव आहेत, मधे भोक नाही. तुमची दुर्बीण भिंगाची असल्याने तसंच असायला हवं. न्यूटनीय दुर्बिणीत दुय्यम आरसा मधला उजेड अडवतो, म्हणून तिथे सावलीला भोक पडतं आणि मेदूवड्याचा आकार येतो.

तिसरा दोष, अल्निटाकचं कडं. हे सुट्या कच्च्या फ्रेममध्येही दिसतं आणि ताऱ्याबरोबर सरकतं, म्हणजे संगणक आणि सेन्सरचे पिक्सेल दोन्ही सुटले. उरली काच किंवा हवा. आता कडा बघा. तुमच्या कड्याला स्पष्ट कड आहे, आत जवळपास सारखा उजेड आणि कडेला एकदम संपतो. ते परावर्तन आहे. निळसर-जांभळं, कड नसलेलं, ताऱ्याला चिकटून विरत जाणारं असतं तर ईडी दुभिंगाचा निळ्या रंगातला अपुरा फोकस म्हटलं असतं. आणि रात्र चढत गेली तसं वाढत गेलेलं, सगळ्याच ताऱ्यांभोवती पसरलेलं असतं तर दव. कोकणात आणि धरणांच्या काठी डिसेंबरात दवाची पट्टी नसेल तर दोन तासांत भिंग ओलं होतं. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये कडं सारखंच आहे, तेव्हा दव नाही.

परावर्तन कुठल्या दोन पृष्ठभागांमध्ये होतंय, याचाही अंदाज मापावरून बांधता येतो. उजेड दोन पृष्ठभागांमध्ये एक जास्तीची फेरी मारून सेन्सरवर येतो, म्हणून फोकसबाहेरची चकती तयार होते. चकतीचा व्यास गुणिले एफ-क्रमांक, भागिले दोन, म्हणजे त्या दोन पृष्ठभागांमधलं अंतर, हवेत मोजल्यासारखं. तुमचं कडं सुमारे ११० पिक्सेल, म्हणजे ०.४७ मिमी. गुणिले ६, भागिले २, सुमारे १.४ मिमी. काचेत हेच अंतर अपवर्तनांकाने वाढतं आणि साधारण २ मिमी जाडी निघते. हा आकडा फिल्टरच्या काचेच्या जाडीशी जुळतो. पण कॅमेऱ्याच्या आत सेन्सरपुढे ज्या काचा असतात त्यांचंही अंतर याच पट्ट्यात येऊ शकतं, म्हणून फिल्टरला आत्ताच दोषी ठरवत नाही. फिल्टर आणि सेन्सर यांच्यामधल्या परावर्तनाची शक्यता मात्र मापानेच बाद होते. तेवढ्या अंतराने चकती तुमच्या सेन्सरच्या उंचीपेक्षाही मोठी आली असती.

चाचणी सोपी आहे आणि ती शहरातल्या गच्चीवरूनही होते, कारण तारा तेजस्वी आहे. अल्निटाक फ्रेमच्या मध्यावर घ्या, एक फोटो फिल्टरसकट, एक फिल्टर काढून, फोकस दोन्ही वेळा नव्याने करून. फिल्टर काढल्यावर कडं गेलं तर फिल्टरच्या पृष्ठभागांवरचं परावर्तनरोधी लेपन कमी पडतंय. कडं राहिलं तर ते कॅमेऱ्याच्या काचेचं. जोडीला तारा कोपऱ्यात नेऊन एक फोटो घ्या. परावर्तनाची चकती तिथे ताऱ्याच्या मधोमध न राहता किंचित एका बाजूला सरकते, त्यामुळे निदान पक्कं होतं.

एक्स्पोजर कमी करून कडं जाईल, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. नाही जाणार. परावर्तित उजेड हा ताऱ्याच्या उजेडाचा ठरावीक अंश असतो. एक्स्पोजर निम्मं केलं तर दोन्ही निम्मे होतात आणि स्टॅक केल्यावर पुन्हा तिथेच येतात. अल्निटाक जवळपास १.८ प्रतीचा तारा आहे आणि शेजारी अंधूक तेजोमेघ, त्यामुळे चांगल्या उपकरणांतही इथे थोडं कडं उरतंच. फिल्टर दोषी निघाला तर वेल्ह्यासारख्या अंधाऱ्या जागी तो न लावता फोटो घेऊन बघा. तिथे फिल्टरवाचून तुमचं फारसं अडणार नाही. कॅमेऱ्याची काच दोषी निघाली तर मास्क लावून (फक्त तेवढाच भाग निवडून) ते मवाळ करा, पण पूर्ण खोडायच्या भानगडीत पडू नका. अल्निटाकच्या अगदी पूर्वेला फ्लेम तेजोमेघ आहे, आणि कडं पुसताना त्याचाच तुकडा पुसला जातो.

आता कूल्ड कॅमेरा. वर जे तीन दोष पाहिले त्यांपैकी एकही तो स्वतःहून बरा करणार नाही. डिथर न केल्यास त्याच्या फ्रेममध्येही सेन्सरची पोत सरकेल आणि रेघा येतील, कमी असतील इतकंच. बैठक वजा न केल्यास त्याचेही कोपरे उजळतील. त्याच्याही सेन्सरपुढे काच असते. काही कूल्ड कॅमेऱ्यांत कोपऱ्यातून येणारा अँप ग्लो असतो, तिथे तर जुळणारे डार्क सक्तीचेच होतात. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. तापमान ठरवून ठेवता येतं, त्यामुळे एकदा घेतलेले डार्क बरेच महिने चालतात. मार्च ते मे या उकाड्याच्या रात्रींत फोटो घेणार असाल तर हा फायदा मोठा आहे. फक्त डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडत असाल तर आत्ता ते पैसे राखून ठेवा आणि गाइडस्कोपसाठी दोन मजबूत कड्या घ्या.

काम या क्रमाने करा, म्हणजे कशामुळे काय सुधारलं ते कळेल. आज बायस घ्या आणि फक्त ते देऊन स्टॅक करा, बाकी काही बदलू नका. कोपरे आणि चकत्या बसल्या की मग डार्क किंवा कॉस्मेटिक दुरुस्ती लावून दुसरा स्टॅक करा आणि रेघांची तुलना करा. सगळं कच्च्या रॉ फाइलींवरच करा. जेपीईजीमध्ये २५६च पायऱ्या असतात, स्ट्रेच केल्यावर त्यांतून एकात एक वर्तुळं उमटतात आणि नवाच दोष शोधत बसावं लागतं. कड्याची चाचणी आकाश मोकळं असेल त्या रात्री. बायस दिल्यावरही कोपरे उजळ राहिले तर एक कच्ची फ्रेम, एक फ्लॅट आणि एक बायस असे तिन्ही इथे टाका आणि प्रत्येकाचा आयएसओ लिहा. बहुतेक वेळा त्यांतला एखादा वेगळ्या आयएसओवर घेतलेला निघतो.